चार बोटं

"चाल पुढे, कामचोर! खावाले बरा पुढे पयस!" धनुबाईची काठी तिच्याच बैलाच्या पाठीवर पडत होती, आणि मी कोळप्याची मूठ धरून मुकाट मागून चालत होतो. खरा कामचोर कोण, ते मला ठाऊक होतं.

धनुबाईचं शेत माझ्या बांधाला लागून, कळसाडीच्या शिवारात. मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला, मागे थोडी कापसाची जमीन आणि तांब्या नावाचा एकच बैल राहिला. माझ्याकडेही एकच, भुऱ्या. म्हणून आमची सावड ठरली. दोघांचे बैल एका जुवाखाली, आणि त्यावर दोघांची शेतं. जुंपायचं काम माझं.

त्या उन्हाळ्यात भुऱ्याला खुरकूत झाली. उठला, पण पायांत जोर येईना. मला ते बघवेना. वखर जुंपताना मी दोराची गाठ जुवाच्या मध्यावरून चार बोटं तांब्याकडे सरकवली. गाठ ज्याच्या बाजूला, ओढ त्याच्यावर. दोनच दिवस, असं मनाशी म्हटलं होतं. श्रावण सरत आला, भुऱ्या चांगला भरला, तरी गाठ तिथेच. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. तांब्या मागे पडायला लागला आणि धनुबाईने काठी उचलली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकायचे, हळद-तूप चोळायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण बैलालाच द्यायचं. धनुबाई तांब्याला घेऊन माझ्या दारात आली. हातात तुपाची वाटी. तिच्या भाकरीवर मी कधी तूप पाहिलं नव्हतं.

आधी तिने माझ्या भुऱ्याचा खांदा चोळला. मग तांब्याला हात लावला, तर तो थरथरून मागे सरला. खांदा सुजून सोलला होता.

"याना खांदाच कच्चा शे, भाऊ," ती म्हणाली. "पोया व्हयना का म्हसावदना बाजारमा इकी टाकसू. तू दुसरा जोडीदार देखी ले."

"आन् तुन्हं वावर?"

"पडीत ऱ्हाई. काय करसू?"

असला बैल बाजारात खाटीकच घेतो, हे दोघांनाही माहीत होतं.

"भाबी, खांदा कच्चा नही. गाठ मी सरकाडी. चार बोटं. उन्हायापाईन."

वाटलं, आता ही शिव्या देईल, गाव गोळा करील. बरं वाटलं असतं मला. पण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती तांब्याच्या पायाशी बसली, त्याच्या खुरांवर डोकं टेकलं.

"मी तुले कामचोर म्हनं रे बाप. मी तुले मारं."

उरलेलं तूप तिने त्याच्या पाठीवरच्या वळांना लावलं. कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन ले, सकाय जेवाले ये." मग उठून भुऱ्याच्याही कानात तेच सांगितलं. मला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भुऱ्याला तिच्या दारात नेलं. तांब्याइतकीच पुरणपोळी तिने त्याच्यापुढे ठेवली. मी कासरा धरून अंगणाबाहेर उभा होतो.

"बाजारले जास का?" मी कसंबसं विचारलं.

"नही. तांब्या ऱ्हाई, सावडबी ऱ्हाई. पन गाठ मी बांधसू."

अजून तीच बांधते. बांधून झाल्यावर दोन्ही बाजूंचं अंतर बोटांनी मोजते, माझ्यासमोर, आणि मोजून होईपर्यंत मी जू धरून खाली बघत उभा राहतो.