भाऊजींच्या गाडीतली गरम हवा

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे नाडीवाला म्हणत. गाडी आली की तो आधी बॉनेट उघडायचा, एसीच्या दोन नळ्या दोन मुठींत धरायचा, डोळे मिटायचा आणि मग सांगायचा, गॅस कमी आहे की कॉम्प्रेसर थकलाय. मीटर जोडायचा तो नंतर, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्याचा हट्ट एकच होता: आजार डोळ्यांनी दिसल्याशिवाय औषध नाही. एकामागून एक पार्ट बदलत बसायचं आणि कधीतरी नेम लागला की छाती काढून फिरायचं, हे त्याला जमत नसे. त्यामुळे त्याच्याकडे गर्दी कमी आणि वाद जास्त.

अशा माणसाकडे सख्ख्या बहिणीचा नवरा गिऱ्हाईक म्हणून यावा, याहून मोठी परीक्षा नाही. भाऊजींनी वर्षभरापूर्वी जुनी गाडी घेतली होती आणि ती एका कंपनीत लावली होती. रोज सकाळी तीन साहेबांना शहराबाहेरच्या कारखान्यावर सोडायचं, दुपारी रिकामं परतायचं, संध्याकाळी पुन्हा आणायला जायचं. भाऊजी बोलघेवडे. गाडीत कोणी ऐकणारं नसलं तर आरशाशी बोलतील.

त्यांची तक्रार मात्र चमत्कारिक होती. एसी उत्तम गार, आणि मधेच गरम हवेचा एक झोत थेट तोंडावर. पाच-सात सेकंद, की पुन्हा गार. कधी दिवसातून दोनदा, कधी चार-चार दिवस काही नाही. आज आपल्या तोंडावर येतेय, उद्या साहेबांच्या तोंडावर आली की ते दुसरी गाडी लावतील, ही भाऊजींची धास्ती.

नाडीवाल्यानं गाडी तीन तास जागेवर चालू ठेवली. गॅस बरोबर, कॉम्प्रेसर वेळेवर चालू-बंद होतोय, पुढचा पंखा ठणठणीत. हवा येते त्या झडपेत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा आठ अंशांवरून हलला नाही. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो ना, तसलाच प्रकार, असं म्हणून भाऊजी हसले आणि शेजारच्या गॅरेजवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले की बायकोच्या भावाकडे गाडी आणली की असंच व्हायचं.

नाडीवाल्यानं ते मनावर घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही. त्यानं हीटरकडे जाणारी गरम पाण्याची नळी चिमटा लावून पार बंद केली, म्हणजे गरम हवा निघायला वाटच उरू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या फेरीत तो भाऊजींच्या शेजारी बसला. एक थर्मामीटर भाऊजींसमोरच्या झडपेत, एक स्वतःसमोरच्या. मांडीवर वही.

रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती. बाहेर बेचाळीस अंश. भाऊजी आपल्या जुन्या घरमालकाचा किस्सा सांगत होते, टाकी कशी गळायची आणि ते कसे भांडायला गेले. नाडीवाल्याची नजर थर्मामीटरवर. एकदम आकडा उडाला. आठ, वीस, सदतीस. तिथेच थांबला, पाच सेकंद, मग सरसर खाली. त्याच्या स्वतःच्या समोरचा आकडा आठावरच होता.

"आली बघ," भाऊजी म्हणाले. "आता तरी पटलं?"

पटलं होतं, पण पटूनही डोकं चालेना. हीटर बंद. बाहेरची हवा शिरली म्हणावं तर ती बेचाळीसची. सदतीस अंश या गाडीत कुठेच नव्हते. होते ते त्या दोघांच्या अंगात. आणि ती हवा ओलसर होती. झडपेच्या प्लास्टिकवर तिची पुसट वाफ धरली होती. नाडीवाल्यानं बोटानं ती पुसली आणि मग ते बोट कितीतरी वेळ पॅंटला घासत राहिला.

त्या आठवड्यात तो चार फेऱ्यांना गेला. गरम हवा तीनदा आली. वहीत त्यानं वेळ, वेग, रस्ता, चढ-उतार, सगळं लिहिलं आणि कशाचा कशाशी मेळ लागेना. चौथ्या फेरीनंतर पुन्हा वाचताना त्याला दिसलं की आपण सवयीनं एक गोष्ट प्रत्येक नोंदीत लिहिली आहे: भाऊजी बोलायचे थांबले.

पाचव्या फेरीला त्यानं थर्मामीटरकडे पाहिलंच नाही. तो भाऊजींकडे पाहत बसला. त्या दिवशी किस्सा होता एका लग्नाळू मित्राचा. "मी त्याला म्हटलं, मुलगी बघायला जातोस, तर निदान..." भाऊजी म्हणाले, आणि थांबले. हात स्टीअरिंगवर, पाय जागच्या जागी, मान ताठ. डोळे अर्धे उघडे, आणि त्यांत नुसतं पांढरं. पुढे एक ट्रक जात होता, त्याच्या मागच्या फळीवरचे खिळे मोजता येतील इतका जवळ आला. नाडीवाल्यानं स्टीअरिंगकडे हात टाकला. तेवढ्यात भाऊजींच्या पापण्यांवरचे केस वाऱ्यानं हलले. एक फुंकर, मग दुसरी. बुबुळं खाली आली. भाऊजींनी सफाईनं ब्रेक दाबला आणि म्हणाले, "...निदान बूट तरी पुसून जा." मग कपाळ पुसलं. "आली बघ पुन्हा, मेली गरम हवा."

वाक्य जिथे तुटलं होतं, तिथूनच पुढे सुरू झालं होतं. मधे काही सेकंद गेले, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

नाडीवाल्यानं गाडी एक दिवसासाठी ठेवून घेतली. जे पाहिलं त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. दुपारी गॅरेजात कोणी नसताना तो चालकाच्या सीटवर बसला, इंजिन चालू केलं, डोळे मिटले आणि चांगलं पंधरा मिनिटं झोपेचं सोंग घेतलं. काही झालं नाही. गाडी काही फसली नाही. स्वतःशी हसत त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली, काचा खाली केल्या आणि वही उघडली. जेवण अंगावर आलं होतं. दोन ओळी लिहून होईपर्यंत त्याचा डोळा लागला.

जाग आली ती तोंडावर आलेल्या फुंकरीनं. सकाळी उठत नसलेल्या पोराच्या डोळ्यांवर आई घालते, तशी हलकी, ओली, उबदार. तो सीटला चिकटून राहिला. पंखा बंद होता. इंजिन बंद होतं. किल्ली खिशात टोचत होती. त्यानं हात झडपेपुढे धरला. तळव्यावर अर्धी फुंकर आली आणि थांबली, हा जागा झाला याची कोणीतरी खात्री करून घेतल्यासारखी. मग तो दार उघडून जो पळाला, तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

त्याला भीती वाटली, हे खरंच. पण तिथे उन्हात उभं राहिल्यावर त्याहून मोठी भीती त्याला समजली. गाडीत जे काही होतं ते भाऊजींच्या वाईटावर नव्हतं. आणि तेच काढून टाकायला भाऊजींनी त्याला सांगितलं होतं.

त्यानं आधी ताईला फोन केला. भाऊजी गाडी चालवताना झोपतात, असं सरळ सांगितलं. फुंकरीचं सांगितलं नाही. ताई हसली. "अरे, घरी रात्रभर टक्क जागे असतात, छताकडे बघत. दोन महिने झाले. ज्याला गादीवर झोप नाही, त्याला गाडीत कुठून लागेल?" असं म्हणाली आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण 'बघते मी' म्हणून तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी किल्ली न्यायला भाऊजी आले, तेव्हा त्यानं त्यांनाही सांगितलं. एसीत बिघाड नाही, बिघाड झोपेत आहे, डॉक्टरकडे चला, मी येतो बरोबर. भाऊजींचा चेहरा पडला, मग लाल झाला. सव्वीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही. ही गोष्ट कंपनीच्या कानावर गेली तर उद्यापासून घरी बसावं लागेल, याची तरी जाण आहे का? दोष सापडला नाही म्हणून तो माझ्या डोक्यावर? किल्ली हिसकावून ते निघून गेले. पिकतं तिथे विकत नाही, हे नाडीवाल्याला ठाऊक होतं, पण ते इतकं महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

चार दिवस त्याचे फोन भाऊजींनी उचलले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी गाडी त्याच्या दारात येऊन थांबली. भाऊजी चालवत होते, मागे ताई बसली होती. मुलीला भेटायला दुसऱ्या गावी निघाले होते, दोन तासांची वाट. भाऊजी खूश होते, राग विसरले होते. दुसऱ्याच एका गॅरेजवाल्यानं चार दिवसांत काम फत्ते केलं होतं; पुढची झडप, आतली कॉइल, पंखा, सगळं जुनं काढून नवं बसवलं होतं. सकाळीच गाडी ताब्यात मिळाली होती. हात लावून बघ, म्हणाले.

नाडीवाल्यानं हात लावला. हवा गार होती. ती फुंकर मात्र जुन्या झडपेबरोबर गेली असणार. तो दार उघडून भाऊजींच्या शेजारी बसला आणि म्हणाला, मलाही भाचीला भेटायचंय. ताईनं मागून त्याच्याकडे पाहिलं. तिच्याच कडेवर तो लहानाचा मोठा झाला होता. त्याचा चेहरा वाचायला तिला वेळ लागत नसे.

गोदामं मागे पडली. भाऊजी त्या गॅरेजवाल्याचं कौतुक करत होते. "माणूस ओळखता आला पाहिजे. मी बघताक्षणीच..."

नाडीवाला वळला. अर्धे मिटलेले डोळे, नुसतं पांढरं. आयुष्यभर गार हवा देत आलेला तो माणूस गरम हवेची वाट पाहू लागला. एक. दोन. भाऊजींच्या पापण्यांवर गार वारा शांतपणे वाहत होता. समोरून बस येत होती आणि गाडी तिच्याकडे सरकत होती.

त्यानं एका हातानं स्टीअरिंग ओढलं आणि पुढे वाकून, सगळा जीव एकवटून, भाऊजींच्या डोळ्यांवर फुंकर घातली.

बस अंगावरून गेल्यासारखी गेली. "...ताडलं, हा कामाचा माणूस आहे," भाऊजी म्हणाले, आणि मग वैतागून, "हे काय? पुन्हा गरम? फसवलं की त्यानं!"

"गाडी बाजूला घ्या," ताई म्हणाली.

"का? काय झालं?"

"तुम्ही झोपला होतात. मी आरशात बघत होते." तिचा आवाज फुटला. "यानं स्टीअरिंग ओढलं, फुंकर घालून तुम्हाला उठवलं. घ्या बाजूला."

मेव्हण्याचं त्यांनी ऐकलं नसतं. बायकोचा तसा आवाज लग्नापासून त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि स्टीअरिंगवर मेव्हण्याची बोटं अजून घट्ट आवळलेली होती, त्यांच्याकडे पाहत राहिले. ट्रक, वळणं, तो प्रत्येक गरम झोत, सगळं त्यांच्या तोंडावरून एकेक करून जाताना दिसलं. किती वेळा, ते मोजत असावेत.

मग त्यांनी तळवा झडपेपुढे धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"आज तू फुंकलंस," ते हळूच म्हणाले. "मग इतके दिवस मला कोण उठवत होतं?"

मागच्या सीटवर ताई रडत होती. भाऊजींनी हात काढला नाही. त्यांच्या बोटांवर गार हवा येत राहिली, एकसारखी.