कर्णधाराची साक्ष

आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजात धडका देत खेळायचा अमेरिकी फुटबॉल आणला तो एमस ट्रुडेलनं. मक्याच्या रानातले दगड वेचून त्यानं मैदान केलं. अनाथ एव्हरेट लुंडला घरी ठेवून घेतलं, खेळ शिकवला, कर्णधार केलं. एमसची बायको लॉटी त्या पोराचे चिखलानं माखलेले कपडे पोटच्या मुलाचे असावेत तसे धुवायची.

त्या शरदातल्या मोठ्या सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर संघातल्या हॅल्वर क्विस्टच्या डोक्याला मार बसला.

"आता बसून राहायचं. हलायचं नाही!" एमसनं बजावलं आणि तो पंचाशी हुज्जत घालायला गेला. तेवढ्यात एव्हरेटनं हॅल्वरला दंडाला धरून मैदानात नेलं. पहिल्याच झटापटीत हॅल्वर कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला.

कॉलेजच्या अध्यक्षांनी एमस आणि एव्हरेटला बोलावून घेतलं. "हॅल्वरला मैदानात उतरवलं कुणी?"

"कोचनी," एव्हरेट बुटांकडे बघत म्हणाला.

एमसला वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली. "पोरा, माझ्याकडे बघून सांग."

एव्हरेटनं मान वर केली. "तुम्हीच म्हणालात, कोच. ने त्याला म्हणून."

एमसची नोकरी त्याच दिवशी गेली. त्याच्या जागी एव्हरेट आला.

"माझ्या हातचं खाऊन वाढला मेला!" लॉटी सामान बांधताना रडत होती.

एमस हॅल्वरच्या शेतावरच्या घरी गेला. पोरगा अंथरुणात उठून बसला होता.

"तुम्ही मला बसायला सांगितलं होतं, कोच. आठवतंय मला सगळं."

"मग अध्यक्षांना सांगशील?"

हॅल्वरनं डाव्या हातानं पांघरूण वर ओढलं. "वसंतात एव्हरेटचं माझ्या बहिणीशी लग्न आहे. नका ना विचारू मला."

हॅल्वरच्या आईनं सफरचंद भरून भाजलेला गोड 'पाय' पुढे ठेवला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एमसनं तो संपवला, तिचे आभार मानले आणि निघाला.

नेब्रास्कातल्या एका शाळेत त्याला काम मिळालं. पुढच्या हंगामात वर्तमानपत्रात आलं, की एव्हरेट लुंडच्या नव्या व्यूहापुढे कुणाचाच टिकाव लागत नाही. सोबतचं चित्र एमसनं लगेच ओळखलं. ती मांडणी त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेवड्याचे दाणे सरकवत एव्हरेटला समजावली होती.

"पत्र लिहा की त्या पेपरवाल्यांना!" लॉटी म्हणाली.

"कोण विश्वास ठेवील?" एमस म्हणाला. त्यानं टोपी घातली आणि सरावाला गेला. त्या दिवशी तो पोरांवर विनाकारण ओरडला.