देगीखालचा जाळ

गेल्या मोहरमला मैमूना घोटत असताना मोहल्ल्याच्या मोठ्या देगीतला डाळ-गव्हाचा खिचडा तळाशी लागला, आणि थोरली जाऊ सकिना हिने मुरबाडच्या अख्ख्या मोहल्ल्यादेखत तिला फाडून खाल्लं. म्हणून यंदा मैमूनाने डाळ दिलीच नाही. "माझ्यावाचून शिजवा!" असा निरोप धाडला. पण प्रत्येक घरचं मूठभर धान्य पडल्याशिवाय देगीखाली जाळ करायचा नाही, ही तिथली रीत. दुपार टळली तरी धूर दिसेना. शेवटी मैमूना पदरात डाळ घेऊन तणतणत मशिदीमागे गेली.

"पोरांना उपाशी मारता काय?"

माचिस मुठीत दाबून बसलेली सकिना कडाडली, "सकाळपासून सगळे म्हणतायत, पेटव. तुझी डाळ नाय, नि मी पेटवू देईन? टाक गो मुकाट, आणि घोटायला लाग. यंदा लागला तर बघ!"