ओव्हिदिया मनोऱ्यावर चढली

आकिलिनो शिंप्याला दारूचं व्यसन नव्हतं, जुगाराचं नव्हतं. त्याला रेडिओचं होतं, घरबसल्या दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलायच्या रेडिओचं. दुकान जावयाच्या गळ्यात घालून तो मोकळा झाला आणि कोन्स्तान्सा गावातल्या आपल्या परसात त्यानं लोखंडी मनोरा उभारायला घेतला. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातलं भंगार आणलं, पाया खणला, जमिनीवरच आडवा ठेवून वेल्डिंग केलं, मग मनोरा उभा करून तिन्ही बाजूंनी तारांचे ताण देऊन ताठ केला. वर चढून अँटेना बसवायची तेवढी राहिली, आणि मग त्यानं बायकोला सांगितलं, की आपल्याला उंचीची भीती वाटते.

"हे तुला आत्ता कळलं?" ओव्हिदियानं विचारलं.

"लग्नाआधीपासून ठाऊक आहे. म्हटलं, बांधता बांधता भीती मोडेल."

त्यात मनोरा चर्चच्या घंटाघराहून उंच गेला होता. फादर एलादिओंना ते झोंबलं. रविवारी त्यांनी प्रवचनात बाबेलचा मनोरा काढला आणि आकिलिनोकडे रोखून पाहत म्हणाले, "देवाला गाठायला निघालेल्यांचं काय झालं, ते आठवा."

बाहेर पडताना आकिलिनो म्हणाला, "फादर, मला देवाला नाही गाठायचं, चिलीला गाठायचंय. देवाला मी बऱ्याचदा हाक मारून पाहिली, तो काही उत्तर देत नाही."

शेवटी चढायचं ओव्हिदियानंच ठरवलं. आकिलिनोनं ट्रकच्या सीटचे पट्टे आणून तिच्यासाठी जाडजूड कमरपट्टा शिवला.

"शिवण उसवली तर?"

"माझी शिवण आजवर उसवलेली नाही."

"महापौराची पँट? भर मिरवणुकीत?"

"त्याचं पोट सुटलं, त्याला मी काय करू?"

नवऱ्याची विजार चढवून ती सकाळी वर गेली. आकिलिनो खाली दोर धरून उभा होता. वर पाहायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो आपल्या बुटांकडे पाहत होता. दोरानं वर ओढलेली अँटेना तिनं बसवली, बोल्ट आवळले. मग ती तिथंच थांबली.

"झालं ना? उतर की आता."

"थांब रे. काय मस्त दिसतंय इथून." आणि ती बोलत सुटली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला पिठात पाणी नको तितकं घालतोय. आजारपणाची रजा काढलेला मास्तर गच्चीत हॅमॉकवर बियर पितोय. तारेच्या कुंपणापाशी माणसं जमली. जो तो आपल्या शेजाऱ्याची खबर विचारू लागला, स्वतःची मात्र कुणालाच नको होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत फादर एलादिओ आले. आता शाप देणार, असं आकिलिनोला वाटलं. फादरनी घसा खाकरला.

"ओव्हिदिया बाई, वरून... एखादा कोंबडा दिसतोय का? तांबडा. शेपूट काळी."

"झुंजीचा?"

"कोंबडा," फादर म्हणाले.

"महापौराच्या छपरावर आहे, फादर. त्याच्या कोंबड्यांच्या घोळक्यात. धर्मप्रचार जोरात चाललाय."

लोक खो खो हसले. फादरचे कान लाल झाले, पण ते झगा सावरत महापौराच्या घराकडे पळाले. कोंबडा काखेत घेऊन परत आले तेव्हा आकिलिनोला एवढंच म्हणाले, "तारा नीट ताणून ठेव. वाऱ्याचे दिवस आहेत." बाबेलचा विषय पुन्हा निघाला नाही.

ओव्हिदिया दुपारी उतरली, तेव्हा तिचे तळवे सोलले होते आणि चेहरा उजळला होता. इतकी खुश ती शेवटची कधी दिसली होती, ते आकिलिनोला आठवेना. त्यानं तिच्या हातांना मलम लावलं. संध्याकाळी चिलीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या हाकेला ओ दिली. तिकडे कडाक्याची थंडी आहे, एवढंच तो म्हणाला, तरी आकिलिनोच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता दर आठवड्याला ओव्हिदिया कॉफीचा थर्मास खांद्याला लटकवून वर जाते. बोल्ट आवळायला, म्हणते. बोल्ट काही ढिले होत नाहीत, हे आकिलिनोला माहीत आहे. तो दोर धरून उभा राहतो आणि अलीकडे, घाबरत का होईना, वर पाहतो.