सूनबाईला दोष देऊ नका

गुरुजींच्या पोटात पहाटे कळ आली आणि दहाच्या सुमारास त्यांनी मरायचं ठरवलं.

डॉक्टर पोट दाबून "अपचन" एवढंच म्हणून गेले होते. पण अपचनाने कोणी थोर होत नाही. चाळीस वर्षं गुरुजी दर रविवारी शिकवत आले होते की थोरांची शिकवण त्यांच्या मरणाने पक्की होते. एकाने विषाचा पेला शांतपणे ओठाला लावला, म्हणून त्याचे प्रश्न आजवर जिवंत राहिले. दुसऱ्याने लोहाराच्या घरी शेवटचं जेवण घेतलं, ते बाधलं, तरी त्या लोहाराला बोल लावू नका म्हणून सांगितलं, तेव्हा करुणा कशाला म्हणतात ते जगाला कळलं. आता आपली पाळी! शिष्य पलंगाभोवती जमले. त्यांचं प्रत्येक वाक्य उतरवून घेणारे टिपणबहाद्दर मांडीवर वही उघडून बसले.

सूनबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन आत आली, तोच गुरुजी क्षीण आवाजात म्हणाले, "सूनबाईला कोणी दोष देऊ नका."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"कसला दोष, मामंजी?"

"कालचं अळंबीचं सूप," गुरुजींनी डोळे मिटले. "मी क्षमा केली आहे."

"अहो, ते सगळ्यांनीच घेतलं की! तुमच्या चिरंजीवांनी तर दोन वाट्या रिचवल्या. सकाळी शीळ घालत कामावर गेले."

"अरेरे," टिपणबहाद्दर हळहळले. "पोचले का पण?"

खिडकीपाशी शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. त्यांच्याच शाळेत सूनबाई दोनशे मुलांचा स्वयंपाक करायची. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "उद्यापासून तू जरा विश्रांतीच घे हो."

म्हणजे काम गेलं, हे सूनबाईला कळलं. बारा वर्षांत तिच्या हातचं जेवून एका लेकराचं पोट दुखलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला टेकली, सासऱ्यांच्या पोटावर पिशवी नीट ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "मामंजी, त्या लोहाराचं पुढे काय झालं?"

"कोणत्या?"

"शेवटचं जेवण वाढलं त्या. पुन्हा कोणी जेवलं का हो त्याच्याकडे?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"त्या थोरांनी त्याला मनापासून सांभाळून घेतलं. तरी इतकी वर्षं झाली, लोकांना त्याचं ते एकच ताट ठाऊक. मला तर उद्या दोनशे ताटं वाढायचीत."

गुरुजींनी एक डोळा उघडला. सुनेचे डोळे भरून आले होते. त्यांनी तो डोळा मिटून पाहिला, पण मिटेना.

"आलुबुखार," ते पुटपुटले.

"काय?"

"काल दुपारी. परसातले. कच्चे होते."

"किती खाल्ले?"

"सतरा," गुरुजी भिंतीकडे वळले. "सूप चांगलं होतं. टिपण, ते वाक्य खोडा."

टिपणबहाद्दरांनी वही छातीशी धरली. "गुरुजी, असं वाक्य पुन्हा होणे नाही! सतरा आलुबुखारांतून पुढच्या पिढ्यांनी काय घ्यायचं?"

"राहू द्या वाक्य," सूनबाई म्हणाली. तिने त्यांच्या हातून पेन घेतलं आणि त्याच ओळीखाली ठळक अक्षरांत आलुबुखारांचा आकडा, वार आणि वेळ लिहून टाकली.

मोठ्या बाई उठून वाचायला आल्या. "आता याच्याखाली गुरुजींची सही घ्या," त्या म्हणाल्या. "आणि तू उद्या वेळेवर ये गं."