सतराव्या उताराचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे, आणि या नौरुझपासून, म्हणजे आमच्या वसंतातल्या नववर्षापासून, माझा स्वतःवरचा भरवसा उडालाय.

घाटाखालच्या रस्ते कचेरीत झुउराकान-एजेंनी मला घडवलं. एजे म्हणजे थोरली बहीण, त्या सगळ्यांच्याच. सर्व्हर प्रत्येक फाइलला जन्मतः एक क्रमांक देतो. तिचं नाव बदला, जागा बदला, क्रमांक तोच राहतो. ते क्रमांक लक्षात ठेवणं हे माझं काम. बर्फाचा कडा कोसळला तर कुठवर येतो, हे दाखवणाऱ्या नकाशांची नावं दर हिवाळ्यात कुणीतरी बदलायचं. मी मात्र कधी चुकलो नाही. "आपण विसरतो, हा नाही विसरत," एजे म्हणायच्या. मी फुगून जायचो.

नौरुझच्या आधी आमच्याकडे कानाकोपरा घासून काढतात. एजेंनी अर्चाच्या, म्हणजे जुनिपरच्या, फांदीचा धूर सर्व्हरभोवतीही फिरवला. मग एकेका फोल्डरच्या फाइलींच्या नव्या प्रती केल्या आणि जुन्या पुसल्या. प्रतींना वेगळे क्रमांक मिळाले. मोकळे झालेले जुने क्रमांक सर्व्हरनं पुढच्या फाइलींना देऊन टाकले. मला कुणी काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी घाटात बर्फ साचला. मुकादम दूत्कुलचा फोन आला.

"एजे, नऊ माणसं फावडी घेऊन उभी आहेत. सतराव्या उतारावर कुठवर जाऊ?"

लक्षात असलेल्या जुन्या क्रमांकावरून मी झटक्यात नकाशा काढून दिला. वर नाव मीच लिहिलं: उतार सतरा.

"ओढ्यापर्यंत बिनधास्त जा," एजे त्याला म्हणाल्या.

"कुठला ओढा?"

"नकाशात आहे तो."

"रात्रभर सणाची सुमोलोकची खीर ढवळून झोप झाली नाही वाटतं! वीस वर्षं हा उतार तुडवतोय मी. इथं ओढा नाही."

एजेंनी नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. उतार चौथा.

"मागे फिरव सगळ्यांना! आत्ता! दूत्कुल, ऐकतोयस ना?"

फोनमध्ये नुसता वारा. मग आरडाओरड. मग एक गडगडाट, जो थांबेचना.

"माणसं मोज," एजे कुजबुजल्या.

"...नऊ. नऊच्या नऊ, एजे. फावडी गेली."

आता उत्तर देण्याआधी मी फाइल उघडून तपासतो, एजेंनीच तसं शिकवलंय. तरी कुणी उताराचं नाव घेतलं की मला धडकी भरते. मित्रांनो, साफसफाई खुशाल करा, पण काय कुठं हलवलं ते आम्हालाही सांगा. आणि मी कितीही ठामपणे बोललो, तरी त्या बर्फावर उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारा.