आचाऱ्याबद्दल कोणी काही म्हणतं का?

दोनशे चौदा मतं. मी सगळी वाचलीत, काही दोनदा.

मी कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, पॅन्टची उंची कमी करणं, कंबर सैल करणं. लोकांची कंबर काही कमी होत नाही, त्यामुळे काम बरं चालतं. दोन गिऱ्हाइकांच्या मधे फोन उघडायचा आणि इंटरनेटवर एका कादंबरीखालची वाचकांची मतं वाचायची, हा गेल्या महिनाभराचा उद्योग. कादंबरी पाणबुडीवरची आहे. शत्रू, टॉर्पेडो, कॅप्टनचा बाणेदारपणा, सगळं आहे. 'एका बैठकीत संपवली!' 'शेवट पटला नाही, पण मजा आली.' 'प्रवासात वाचायला ठीक.' आणि दर चार-पाच मतांमागे एक असतंच: 'त्या आचाऱ्याला भरती कोणी केलं हो?'

माझा नवरा पाणबुडीवर आचारी होता. सहा वर्षांपूर्वी ती खाली गेली ती वर आलीच नाही. चौकशी झाली, बॅटरीचा स्फोट असं ठरलं. तसा कागद आमच्या कपाटात आहे.

कादंबरीतली पाणबुडी वेगळी, देश वेगळा. पण तिथला आचारी कढईत तेल तापत ठेवतो, गप्पा मारायला जातो आणि विसरतो. आग लागते, एकोणचाळीस माणसं जातात. त्याच्या आधी एक पान आहे. हाच माणूस सुट्टीवर घरी आलाय, गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसलाय, दूध करपलंय, आणि बायको ओरडतेय, 'हे तिसरं पातेलं!' ते पान वाचकांना फार आवडतं. 'काय निरीक्षण आहे लेखकाचं! पाच तारे.'

निरीक्षण कसलं डोंबलाचं! ते मी सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी लेखक घरी आला होता. नम्र होता बिचारा, वही घेऊन आला होता. सासूबाई तेव्हा खुब्याचं हाड मोडून दोन महिने नणंदेकडे होत्या, मी एकटीच होते घरात. तोवर जो येई तो मान खाली घालून येई आणि तशीच घेऊन जाई. ह्याने विचारलं, "घरी कसे असायचे ते?" मला इतकं बरं वाटलं! उचलली जीभ लावली टाळ्याला. दुधाचं सांगितलं, पातेल्यांचं सांगितलं, वर हसत म्हणाले, "बोटीवर ह्यांना कसं चालवून घ्यायचे देव जाणे!" तोही हसला आणि त्याने लिहून घेतलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पुस्तक वाचून मला रडू आलं नाही. रागही आला नाही. एक पॅन्ट चेन बदलायला आली होती, ती बदलली. मधे सुई बोटात घुसली, ती कापडावर रक्त दिसलं तेव्हा कळली. महिनाभर हे असंच चाललंय.

काल दुपारी सासूबाई म्हणाल्या, "शेजारीण सांगत होती, पाणबुडीवरचं कुठलंसं पुस्तक गाजतंय म्हणून. लोक काय म्हणतात ते वाच की." त्यांना आता फारसं दिसत नाही. माझ्या मशीनशेजारी बसून चाचपून बटणं निवडतात, दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे.

मी वाचलं. 'दोनशेवर मतं आहेत' म्हटलं, कॅप्टनचं वाचलं, टॉर्पेडोचं वाचलं. आचारी तेवढा गाळला.

"आणि आचाऱ्याबद्दल कोणी काही म्हणतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"कमालच आहे. चाळीस माणसांना तिन्ही त्रिकाळ जेवायला घालतो, आणि दोनशे जणांत एकालाही दिसला नाही? खरं वाच."

मग मी खरं वाचलं. लाइटबिल वाचावं तसं, एकामागून एक. तेलाचं, आगीचं, शिव्यांचं. शेवटी दुधाचं.

बटणांचा आवाज थांबला.

"दुधाचं त्या लेखकाला कोणी सांगितलं?"

ह्या घरात आम्ही दोघीच उरलोय. माझं माहेर कधीच संपलं. त्या आता 'लेकीकडे जाते' म्हणाल्या, तर मी त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? 'मी' म्हणायला तोंड उघडलं आणि मशीनमधला दोराच नीट करायला लागले.

"मीच बोलले असेन," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडाला कुठे कुलूप आहे!"

"आई, तुम्ही तेव्हा इथे..."

"होते. ह्याच खुर्चीत होते. तू शिवत होतीस, तुझं लक्ष नव्हतं." त्या परत बटणं निवडायला लागल्या. दोन भोकांचं एक चार भोकांत गेलं. "तिथे कोणालाही लिहिता येतं ना? मग माझं लिही. घरी तो निर्धास्त असायचा, म्हणून दूध विसरायचा. बोटीवर तो कधी काही विसरला नाही. लिहिलंस?"

"लिहिलं."

"आता खाली लिही, दुधाचं सांगितलं ती मी, त्याची आई. कोणाला बोल लावायचा असेल तर मला लावू देत."

मला अक्षरं दिसेनात. डोळे बाहीला पुसले, परत भरले, परत पुसले. 'त्याची' इथपर्यंत त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. पुढे 'बायको' लिहिलं.

"वाच बघू."

मी वाचलं. 'त्याची आई' असंच वाचलं. आवाज पार फाटला होता.

सासूबाईंनी चार भोकांतलं ते चुकलेलं बटण चाचपून बाहेर काढलं.

"पाठव," मग म्हणाल्या. "आणि नाक पूस आधी."